६२६ नंबर आणि आमचा ४१ नंबर

आज आधी एक कोडं घालते. दिसायला कुत्र्यासारखा, पण कुत्रा नाही. रंग निळा. हात चार, त्यातले दोन हवे तेव्हा अंगात लपवून ठेवतो. मोठमोठ्या मोटारी लीलया उचलतो, पण पाण्यात पडला की दगडासारखा बुडतो. ओळखा पाहू कोण?

"बाई, स्टिच!" असं तुमच्यापैकी निम्म्या जणांनी तरी ओरडून सांगितलं असेल. हल्ली तो दप्तरावर असतो, पाण्याच्या बाटलीवर असतो. २०२५ साली खऱ्या माणसांना घेऊन त्याचा सिनेमा निघाला, तेव्हापासून तर आमच्या आठवडी बाजारातसुद्धा निळ्या कानांच्या टोप्या लटकलेल्या दिसतात. पण टोपी घालणाऱ्या कितीतरी जणांना त्याची जुनी कार्टून मालिका ठाऊक नसते. आज मला त्या मालिकेबद्दल सांगायचंय, आणि माझ्या वर्गात आलेल्या एका मुलाबद्दलही. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात अशा काही गुंतल्यात की एक सोडून दुसरी सांगताच येत नाही.

मालिका मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा नववीत होते. आमच्या घरी केबल नव्हती, मावशीकडे होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्याकडे गेलं की रिमोट माझ्या धाकट्या मावसभावाच्या हातात. मी आता मोठी झाले, कार्टून काय बघायचं, असा आव आणून मी शेंगा सोलत दाराशी बसायची आणि तिथून सगळं बघायची. एकदा तर टरफलं डब्यात आणि दाणे कचऱ्यात गेले. मावशीने काय बोलली ते इथे छापण्यासारखं नाही!

तर मूळ गोष्ट अशी. २००२ साली 'लिलो अँड स्टिच' नावाचा सिनेमा आला. ख्रिस सँडर्स आणि डीन डब्लॉइस या दोघांनी तो केला. यातल्या सँडर्सने हा प्राणी कागदावर काढला होता १९८५ साली, मुलांच्या एका पुस्तकासाठी. ते पुस्तक काही निघालं नाही. प्राणी सतरा वर्षं तसाच पडून राहिला आणि मग थेट पडद्यावर आला. आणि गंमत म्हणजे स्टिचचा तो घोगरा, गुरगुरता आवाजही सँडर्सचाच! चित्रं बघाल तर मागची झाडं, घरं, समुद्र सगळं जलरंगात रंगवलेलं आहे. तुमच्या चित्रकलेच्या वहीत असतात ना, तेच पाण्याचे रंग.

गोष्ट घडते हवाई बेटांवर. पॅसिफिक महासागराच्या मध्यावर ही बेटं आहेत आणि १९५९ पासून ते अमेरिकेचं पन्नासावं राज्य आहे. त्यातल्या कौआई नावाच्या बेटावर लिलो नावाची एक लहान मुलगी राहते. तिचे आईवडील मोटार अपघातात गेलेले. थोरली बहीण नानी हीच आता तिची आई, बाबा आणि ताई. नानी हॉटेलात वाढप्याचं काम करते, घरी येऊन स्वयंपाक करते, लिलोवर ओरडते, मग तिला जवळ घेते. आणि डोक्यावर सारखी टांगती तलवार! सरकारी अधिकारी येऊन बघणार की ही पोरगी बहिणीला सांभाळू शकते की नाही. नाही म्हणाले तर लिलोला घेऊन जाणार.

इकडे दूर अंतराळात जुंबा नावाच्या एका शास्त्रज्ञाने बेकायदा प्रयोग करून एक प्राणी तयार केलेला असतो. त्याला नाव नाही. नुसता नंबर: प्रयोग क्रमांक ६२६. त्याचं काम एकच, मोठमोठी शहरं उद्ध्वस्त करायची. तो पळून जातो आणि पडतो नेमका या बेटावर. आता बेटावर मोठं शहर कुठून आणायचं? चहूकडे पाणी, आणि याला तर पोहता येत नाही. म्हणजे ज्या कामासाठी जन्माला घातला ते काम इथे नाहीच! लिलो त्याला भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्यातून कुत्रा समजून घरी आणते, दोन डॉलर भरून. आणि त्याचं नाव ठेवते स्टिच.

पृथ्वी वाचते कशी, हेही ऐकण्यासारखं आहे. परग्रहावरचे लोक पृथ्वीला हात लावत नाहीत, कारण डास ही नामशेष होत चाललेली जात आहे आणि पृथ्वी म्हणजे डासांचं अभयारण्य, असा त्यांचा पक्का समज! आपण माणसं म्हणजे त्या डासांचं खाद्य. पावसाळ्यात आमच्या गावात येऊन बघा म्हणावं, डास नामशेष होतायत का ते!

सिनेमानंतर २००३ ते २००६ या काळात टीव्हीवर पासष्ट भागांची मालिका झाली, आणि माझ्या मनात घर केलं ते तिने. ६२६ नंबरचा स्टिच, म्हणजे त्याच्या आधीचे ६२५ असणारच की नाही? ते सगळे लहान चेंडूएवढ्या गोळ्यांमध्ये वाळवून बंद करून ठेवलेले असतात. गोळ्यावर नंबर. पाणी लागलं की गोळा फुगतो आणि आतला प्राणी बाहेर! हे गोळे बेटभर विखुरतात. एक गटारात, एक तळ्यात, एक कुणाच्या बागेत. प्रत्येक प्राणी काही ना काही उपद्रव करण्यासाठीच बनवलेला. लिलो आणि स्टिच ते शोधत हिंडतात आणि त्यांच्या मागावर असतो गँटू नावाचा राक्षसाएवढा कप्तान. त्याच्याकडे ६२५ नंबरचा प्राणी आहे. स्टिचकडे जेवढी ताकद तेवढी यालाही, पण हा पठ्ठ्या कमालीचा आळशी. लढाई चालू असताना हा कोपऱ्यात बसून पावाला लोणी लावतोय! माझा मावसभाऊ त्याचा भक्त होता. गृहपाठाचं विचारलं की म्हणायचा, "मी ६२५ आहे."

पासष्ट भागांत सव्वासहाशे प्राणी कसे बसणार, हा हिशोब तुम्हीच करा. बसत नाहीत! पण जेवढे येतात त्यांच्या बाबतीत मालिकेत एकच नियम आहे, आणि तो मला फार आवडायचा. प्राणी सापडला की लिलो पहिल्यांदा त्याचा नंबर पुसते आणि नाव ठेवते. मग तिचा शोध सुरू होतो की याचा हा जो त्रास आहे, तो त्रास जिथे उपयोगी पडेल अशी जागा या बेटावर कुठे आहे?

उदाहरण सांगते. २२१ नंबरचा प्राणी पिवळा, सगळा विजेचा बनलेला. जिथे जाईल तिथे दिवे फुटतात, बेटभर अंधार होतो. लिलो त्याचं नाव ठेवते स्पार्की आणि त्याला नेते एका बंद पडलेल्या जुन्या दीपगृहात. दीपगृह पुन्हा लखलखतं. आता हे दीपगृह नुसतं गोष्टीतलं नाही बरं का! कौआई बेटाच्या उत्तर टोकाला किलाउआ नावाचं दीपगृह खरंच आहे. १९१३ साली बांधलेलं. १९७६ साली त्याचा दिवा बंद झाला आणि शेजारी आपोआप चालणारा छोटा दिवा आला. आणखी एक प्राणी असतो, त्याचं नाव कॅननबॉल. पाण्यात धपकन बसून प्रचंड लाटा उठवणं हाच त्याचा उद्योग. त्याला फळीवरून लाटांवर घसरणाऱ्या लोकांकडे सोपवलं जातं. बिनलाटेच्या दिवशी त्याला केवढा मान असेल! आणि रात्रंदिवस कॅव कॅव भुंकून डोकं उठवणारी जीजी जाते कुणाकडे, तर लिलोला सतत चिडवणाऱ्या मर्टलकडे. दोघींचं उत्तम जमतं.

नववीतल्या मला वाटायचं, वा! किती सोपं आहे. आपण बाई झालो की असंच करायचं.

पुढे डी.एड. झालं, नोकरी लागली. आमची शाळा साखर कारखान्याच्या पट्ट्यात. दिवाळी झाली की उसाच्या फडाकडेला कोप्या उभ्या राहतात. मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, नवरा-बायको दोघं कोयता धरतात, बरोबर बैलगाड्या आणि पोरंबाळं. ती पोरं चार-पाच महिने आमच्या शाळेत बसतात. वर्षाच्या मधेच येतात, त्यामुळे हजेरीपटावर त्यांची नावं अगदी शेवटी.

दोन वर्षांपूर्वी माझ्या तिसरीच्या वर्गात असा एक मुलगा आला. नंबर ४१. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, पण नाव फार छान आहे एवढं सांगते. आणि खरं सांगू का? पहिले पंधरा दिवस मी त्याला नावाने हाक मारलीच नाही. वर्ग मोठा, कामं ढीगभर. त्या वर्षी मी हजेरी नंबरानेच घ्यायची. "एक्केचाळीस!" म्हटलं की तो उठायचा. एक्केचाळीस, पुढे ये. एक्केचाळीस, बाहेर उभा राहा.

बाहेर उभं करायचं कारण त्याची शीळ. दोन बोटं तोंडात घालून तो अशी शीळ घालायचा की खिडकीवरची कबुतरं उडायची. पाढे चाललेत, मधेच शीळ. परिपाठाला सगळे डोळे मिटून बसलेत, शीळ. एकदा साहेब शाळा तपासायला आले होते, फळ्याकडे वळले, आणि शीळ! त्या दिवशी मी त्याला फार बोलले. काय बोलले ते आठवतंय, पण लिहवत नाही. तो मान खाली घालून उभा राहिला. रडला नाही, उलटून बोलला नाही. त्याचं ते गप्प उभं राहणं मला घरी गेल्यावर आठवत राहिलं.

सिनेमात एक प्रसंग आहे. लिलो स्टिचचं चित्र काढते आणि त्यात जवळजवळ वरपर्यंत लाल रंग भरते. तुझ्या अंगात वाईटपणा किती आहे ते बघ, असं त्याला दाखवायला. त्या रात्री मला ते चित्र आठवलं. म्हटलं, मीसुद्धा या पोराचं असंच चित्र लाल रंगाने भरून टाकलंय की काय? आणि त्याला विचारलं तर काहीच नाही. शीळ कुठे शिकलास, एवढंही नाही.

दुसऱ्या दिवशी विचारलं. "बापानं शिकवली," तो म्हणाला. फडात पहाटे अंधार असतो. गाडी कुठे, बैल कुठे, आपलं माणूस कुठे, दिसत नाही. उसातून ओरडलेलं लांब जात नाही, शीळ जाते. एक शीळ म्हणजे गाडी आण. दोन म्हणजे पाणी आण. धाकट्या बहिणीला सांभाळायचं, बैलांना वैरण टाकायची आणि शीळ ऐकली की पळायचं, हे त्याचं पहाटेचं काम. आठ वर्षांचं पोर! ते करून तो माझ्या वर्गात दहा वाजता बसत होता, आणि मी त्याला सतराचा पाढा येत नाही म्हणून रागावत होते.

मग मला लिलोची युक्ती आठवली. मधली सुट्टी संपली की पोरांना गोळा करायचं काम मी त्याला दिलं. आमची घंटा म्हणजे रुळाचा तुकडा, तिचा आवाज मागच्या मैदानापर्यंत पोचत नाही. "तू शीळ घालायचीस," मी म्हटलं, "मी खूण केल्यावर." तुम्हाला सांगते, चार दिवस काय थाट होता! ४१ नंबर ओट्यावर उभा राहायचा, दोन बोटं तोंडात, आणि सबंध शाळा धावत यायची. वर्गात शीळ बंद. मला तर आकाश ठेंगणं झालं. घरी जाऊन सांगितलं, शिक्षक खोलीत सांगितलं. स्पार्कीला दीपगृह मिळालं!

पाचव्या दिवशी खिचडी वाढून झाली, पोरं मैदानात गेली, आणि दहा मिनिटांत शीळ. सगळे धापा टाकत आत आले. अजून वीस मिनिटं सुट्टी बाकी होती. पोरं चिडली, मी चिडले. "घड्याळ कळत नाही का तुला?" सहाव्या दिवशी पुन्हा तेच. आता मात्र मी त्याला बाजूला घेतलं आणि यावेळी ओरडायच्या आधी विचारलं, कशी कोण जाणे बुद्धी झाली. "का रे वाजवलीस?"

बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "बाई, वर्गात समदे संगं बसत्यात."

एवढंच. मला आधी अर्थ लागेना. मग लागला. मैदानात गेलं की पोरं आपापल्या गटात जायची. कबड्डीचा गट ठरलेला, गोट्यांचा ठरलेला. हा भिंतीला टेकून उभा. वर्गात निदान एका पट्टीवर कुणीतरी शेजारी असायचं. म्हणून याला सुट्टी लवकर संपायला हवी होती.

बालमित्रांनो, मी मालिकेवर नाराज झाले ती त्या दिवशी. तुम्हाला हसू येईल, पण खरंच! बावीस मिनिटांच्या भागात लिलो प्राण्याला काम देते, तो खुश, गाणं वाजतं, भाग संपतो. मी पण काम दिलं होतं. काम चोख चाललं होतं. पण दीपगृहात स्पार्की रात्रभर एकटाच बसतो, त्याच्याशी बोलतं कोण, हे कुणी दाखवतच नाही.

तेव्हा मी मालिका ठेवली बाजूला आणि मूळ सिनेमा पुन्हा पाहिला. आणि माझ्या लक्षात आलं की सिनेमात स्टिचला कुणी काही कामच देत नाही! उलट त्याच्या पायी नानीची नोकरी जाते. तो घर मोडतो, वस्तू फोडतो. त्याच्या हातून उपयोगाचं असं फारसं काही होतच नाही. तरी लिलो त्याला सोडत नाही. कारण तिलाही कुणी नसतं. नृत्याच्या वर्गातल्या मुली तिला खेळायला घेत नाहीत. एकीला ती चावते, ठोसे मारते. म्हणजे ती काही शहाणी बाळ नाही हं! दोन एकटी भांडखोर जिवं, एकमेकांजवळ आली.

तिथे एक हवाई भाषेतला शब्द येतो, ओहाना. त्याचा अर्थ कुटुंब, आणि त्यात रक्ताचं नातं नसलेलीही माणसं येतात. तो शब्द कुठून आला ते मला नंतर कळलं आणि फार मौज वाटली. तुमच्या परसात अळू आहे ना, वडीचं, फदफद्याचं? हवाईत अळूला केवढा मान! त्याच्या कंदाची 'पोई' नावाची खळ करून तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या खात आले. तर अळूच्या मोठ्या कंदाला बाजूने जे छोटे कोंब फुटतात, त्यांना म्हणतात ओहा. त्यावरून ओहाना. एका कंदाचे कोंब, ते घर.

शनिवारची शाळा सकाळची असते. गावकऱ्यांनी वर्गणी काढून शाळेला टीव्ही दिलाय. त्या शनिवारी मी माझ्या तिसरीला सिनेमा दाखवला. स्टिचने चार हात बाहेर काढले तेव्हा पोरं टाळ्या पिटत होती. मग तो माशाचा प्रसंग आला. लिलो दर गुरुवारी समुद्रात जाऊन एका माशाला शेंगदाण्याच्या लोण्याचा पाव खाऊ घालते. त्या गुरुवारी घरात तसा पाव नसतो. माशाचा पाव त्याला कसा द्यायचा? माशाला मासा? म्हणून ती दुकानात जाते आणि नृत्याच्या वर्गाला उशिरा पोचते. का, तर तो मासा पाऊस-वारा ठरवतो असं तिला वाटतं. पोरं खदाखदा हसली. हा हसला नाही. मागून आवाज आला, "बाई, हिचे मायबाप पावसात गेलेत का?"

सिनेमात ते नंतर येतं. आईवडील गाडी घेऊन बाहेर पडले तेव्हा पाऊस पडत होता, असं लिलो पुढे सांगते. त्याने आधीच ओळखलं होतं. मी तो सिनेमा किती वेळा पाहिला होता, माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं की ती पोर माशाला पाव देते ती पावसाने पुन्हा कुणाला नेऊ नये म्हणून.

वर्ग चिडीचूप झाला. मग त्याच्या पुढच्या पट्टीवरचा एक मुलगा मागे वळला आणि विचारलं, "तुला कसं कळलं रं?" तो म्हणाला, "आमच्या पालात बी पावसाचं भ्या वाटतं." बस्स. सिनेमा पुढे चालू झाला.

लगेच सगळं गोड झालं असं समजू नका. सोमवारी कबड्डीच्या गटाने त्याला घेतलं आणि मंगळवारी काढून टाकलं, कारण तो दम धरता धरता शीळ घालायचा! पण तो पुढच्या पट्टीवरचा मुलगा मात्र भिंतीशी त्याच्या शेजारी उभा राहू लागला. त्याला शीळ शिकायची होती. मग आणखी दोघं. आठवड्याभरात भिंतीपाशी सात-आठ पोरं दोन-दोन बोटं तोंडात घालून फूऽऽ फूऽऽ करत बसलेली. थुंकी उडायची, शीळ काही निघायची नाही. आणि हा आमचा गुरुजी, प्रत्येकाची बोटं धरून नीट बसवायचा. सुट्टीची शीळ वेळेवर वाजू लागली. कधीकधी तर मलाच ओरडून सांगावं लागायचं, अरे वाजव आता!

हजेरी मी तेव्हापासून नावाने घेते. वेळ लागतो. लागू दे.

आईबाबांसाठी दोन शब्द इथेच सांगून टाकते. कार्टून बघतो म्हणून मुलावर ओरडायच्या आधी एकदा शेजारी बसून बघा. तुम्हाला जे दिसत नाही ते त्याला दिसत असेल. सगळीच कार्टूनं चांगली असतात असं मात्र मी म्हणणार नाही. काही अगदी टाकाऊ असतात, आणि ही मालिकासुद्धा काही भागांत नुसती पळापळ आहे.

मार्चच्या शेवटी पट्टा पडला. कारखान्याचा भोंगा झाला, टोळ्या निघायच्या तयारीला लागल्या. सिनेमाच्या शेवटी स्टिचला पकडून न्यायला अंतराळातून मोठ्या बाई येतात. तेव्हा लिलो काय करते माहितीये? कुत्र्यांच्या निवाऱ्यातला शिक्क्याचा कागद पुढे करते. मी दोन डॉलर भरलेत, हा माझा आहे! आणि कायद्यापुढे त्या बाईंचंही काही चालत नाही. आपल्याकडेही एक कागद असतो, शिक्षण हमी कार्ड. गाव सोडून जाणाऱ्या मुलाने कुठल्या वर्गात काय शिकलं ते त्यावर लिहायचं, म्हणजे पुढच्या गावच्या शाळेत त्याला लगेच बसता येतं. तसली कार्डं मी आजवर भराभर भरली होती. त्याचं कार्ड मात्र मी त्याला शेजारी बसवून भरलं. पूर्ण नाव त्यानेच सांगितलं, आजोबांचं नावसुद्धा. आवडीच्या कामाला रकाना नव्हता. मी मागच्या कोऱ्या बाजूला पेनाने लिहिलं, "शीळ फार सुंदर घालतो. इतरांना शिकवतो. सुट्टीत एकटा पडू देऊ नये." पुढच्या गुरुजींना ते वेडेपणाचं वाटलं असेल, वाटो.

तो दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. मी फळ्यावर तारीख लिहीत होते, रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला आणि शीळ आली. दोनदा. सगळा वर्ग खिडकीशी धावला. मी कुणाला बसा म्हटलं नाही.

दोन शिळांचा अर्थ पाणी आण. त्याला तेव्हा पाणी हवं होतं का आणखी काही सांगायचं होतं, यावर वर्गात चार दिवस वाद चालला.

पुढच्या दिवाळीनंतर आमच्या फडावर ती टोळी आली नाही, दुसऱ्या मुकादमाची आली. यंदाही मी कोप्यांपर्यंत जाऊन बघून आले. त्याचे जुने सवंगडी आता पाचवीत आहेत, मधल्या सुट्टीत अजून भिंतीपाशी बसतात. सात जणांपैकी फक्त त्या पुढच्या पट्टीवरच्या मुलाला शीळ जमलीये, तीही एकच. दुसरी फुसकी निघते. तो म्हणतो, बाई, दुसरी त्याच्याकडून शिकायची राहिली.